भोंगा, हॉर्न आणि माझ्या हॉलचा कोपरा

गेले तीन वीकेंड माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे. डाव्या कॉलममध्ये स्पीकरची नावं, उजवीकडे सेन्सिटिव्हिटी, इम्पीडन्स, उंची, रुंदी, वजन आणि सगळ्यात शेवटी किंमत. शेवटचा कॉलम मी हाइड करून ठेवलाय, कारण तो दिसला की बाकीच्या कॉलमांना काही अर्थ उरत नाही. दोन वर्षांचा बोनस साठवून ठेवलेला आहे आणि घरी गाणं ऐकायला चांगले हॉर्न लाउडस्पीकर घ्यायचे असं ठरवून बसलोय.

परवा मुखेडहून काकांचा फोन आला. सहज बोलता बोलता त्यांना सांगितलं. हॉर्न म्हणजे काय ते आधी त्यांच्या लक्षात आलं नाही, म्हणून मी आकार समजावून सांगितला. मागे बारीक तोंड, पुढे पसरट होत गेलेलं, मागच्या टोकाला युनिट.

"आरं, मग भोंगाच घ्यायलास म्हण की!" काका म्हणाले. "माझ्याकडं माळवदावर सहा पडल्यात. येताना घेऊन जा. पैशे कशाला घालायलास?"

मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू थांबलं, कारण काकांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर होतं. काकांनी मुखेडमध्ये तीस वर्षं लाउडस्पीकरचा सेट भाड्याने देण्याचा धंदा केला. लग्न, सप्ताह, प्रचारसभा, कुस्त्यांचा फड, सगळीकडे काकांचे भोंगे. आणि जर्मनीत की अमेरिकेत बनणारा, पॉलिश केलेला, लाखांत किंमत असलेला तो हॉर्न आणि काकांचा माळवदावर गंजत पडलेला भोंगा हे एकाच आजोबांचे नातू आहेत. एक शिकून परदेशी गेला, दुसरा गावात राहिला एवढाच फरक. मग वाटलं, खरेदीच्या आधी या घराण्याचा इतिहास तरी नीट बघावा.

कर्णा नक्की करतो काय?

आधी थोडी फिजिक्स. (घाबरू नका, परीक्षा नाही.)

स्पीकरचा पडदा हवेच्या मानाने जड असतो. जड वस्तूने हलकी वस्तू ढकलायची म्हणजे बरीचशी ताकद वाया जाते. रिकाम्या हवेत बुक्की मारून बघा, जोर भरपूर लागतो पण काम काहीच होत नाही. साध्या, खोक्यातल्या स्पीकरचं तसंच आहे. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला तर त्याला दिलेल्या विजेपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी वीज आवाजात बदलते. बाकी सगळी उष्णता. आमच्या क्षेत्रात असा सर्व्हर कोणी विकत घेणार नाही.

कर्णा इथे गिअरबॉक्सचं काम करतो. बारीक टोकाला हवेचा दाब जास्त आणि हालचाल कमी, रुंद टोकाला दाब कमी आणि हालचाल जास्त. मधला बदल हळूहळू, न अडखळता व्हावा म्हणून तो वळणदार आकार. आपली तुतारी हेच करते. ओठांची थरथर ती केवढी, पण पितळेच्या त्या वाकड्या नळीतून बाहेर पडली की गडाखालच्या माणसाला ऐकू जाते. शंखाचंही तेच.

आकडे सांगायचे तर चांगला हॉर्न स्पीकर एका वॉटला एक मीटरवर १०५ डेसिबलपर्यंत जातो. ८८ आणि १०५ मध्ये १७ डेसिबलचा फरक, म्हणजे ताकदीच्या हिशेबात ५० पट. साध्या स्पीकरला जिथे ५० वॉट लागतात तिथे हॉर्नला एक पुरतो. हा ५० चा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

जेव्हा वॉट मुळी नव्हतेच

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, बर्लिनरचा ग्रामोफोन १८८७ चा. दोन्हीत वीज नाही. सुईची थरथर एका छोट्या पडद्याला आणि पडद्याची थरथर कर्ण्याला. अॅम्प्लिफायर नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे कर्णा हाच अॅम्प्लिफायर. आणि हे फक्त ऐकताना नाही, रेकॉर्ड करतानाही. गायकाने कर्ण्याच्या तोंडात गायचं, कर्णा तो आवाज गोळा करून सुईपर्यंत पोचवणार, सुई मेणावर खाचा पाडणार. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग यंत्र घेऊन कोलकात्याला आला आणि गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं ते असंच. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला रेकॉर्डी छापायचा कारखाना निघाला आणि मग थाळीच्या आकाराच्या तबकड्या आपल्याकडेही पसरल्या.

अब्दुल करीम खाँसाहेबांची सुरुवातीची, १९०५ च्या सुमाराची ध्वनिमुद्रणं कर्ण्यात गायलेली आहेत. १९३० च्या दशकातली, आपण जास्त ऐकतो ती, मायक्रोफोनसमोरची आहेत. दोन्ही लागोपाठ ऐकली की कर्ण्याने काय दिलं आणि काय गाळलं ते कळतं. शब्द आणि तान पोचते, पण आवाजाचं अंग पोचत नाही. अल्लादिया खाँसाहेब किंवा भास्करबुवा बखले यांच्यासारख्यांचं गाणं तर तबकडीवर नाहीच, ते फक्त शिष्यांच्या गळ्यांतून आपल्यापर्यंत आलं. कर्ण्याची ती अडीच-तीन मिनिटं आणि तो पत्र्याचा आवाज बघितला तर बड्या गवयांना या यंत्राचं फारसं अप्रूप का वाटलं नसावं याचा अंदाज येतो.

गंमत म्हणजे कर्ण्याचा आकार तोपर्यंत अंदाजाने ठरत होता. गणित आलं ते १९१९ मध्ये. आर्थर वेबस्टर या अमेरिकन प्राध्यापकाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच हॉर्न आणि फोनोग्राफ दोन्ही आहेत. आजही कोणी हॉर्न डिझाइन करायला बसलं की पहिल्या पानावर वेबस्टरचं समीकरण असतं. त्याच गणिताच्या जोरावर १९२५ मध्ये व्हिक्टर कंपनीने ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला आणला. लाकडी कपाटाच्या पोटात घड्या घातलेला लांबलचक कर्णा, आणि तरीही विजेशिवाय चालणारा. विनावीज ग्रामोफोनने गाठलेलं ते बहुतेक सगळ्यात वरचं टोक.

आणि मग सभा आली

इलेक्ट्रिक भोंग्याची जन्मकथा कॅलिफोर्नियातली आहे. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम हे दोघे नापा गावातल्या एका छोट्या घरात टेलिफोनच्या सुधारणेवर काम करत होते. १९१५ मध्ये त्यांनी आपल्या यंत्राला ग्रामोफोनचा कर्णा जोडला आणि आवाज मैलभर गेला. यंत्राचं नाव मॅग्नाव्हॉक्स, लॅटिनमध्ये 'मोठा आवाज'. त्याच वर्षी २४ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर प्रचंड गर्दीला त्यांनी गाणी आणि भाषणं ऐकवली. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वूड्रो विल्सन सॅन डिएगोत साधारण ५० हजार लोकांसमोर याच भोंग्यांतून बोलले. माणसाच्या घशाच्या मर्यादेबाहेरची सभा शक्य झाली.

आपल्याकडे ही गोष्ट एका वेगळ्या वाटेने आली आणि ती मला फार आवडते. गांधीजींच्या सभांचे जुने फोटो बघा. माइकवर पाटी दिसते, 'शिकागो रेडिओ'. मला लहानपणी वाटायचं की शिकागोच्या रेडिओ स्टेशनचे लोक एवढ्या लांब आले होते! प्रत्यक्षात ही आपलीच कंपनी. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधल्या सक्करला सुरू केलेली, पुढे कराचीमार्गे मुंबईला आलेली. त्यांचे चिरंजीव नानिक मोटवाने यांनी पाहिलं की गांधीजींच्या सभेला माणसं येतात लाखांनी आणि ऐकू येतं पुढच्या काहीशेंना. मार्च १९३१ च्या कराची काँग्रेस अधिवेशनात मोटवान्यांचे लाउडस्पीकर लागले आणि पुढची कित्येक वर्षं काँग्रेसची सभा म्हणजे शिकागो रेडिओचे भोंगे हे समीकरणच झालं.

१९४२ ची गोष्ट तर सिनेमाच्या लायकीची आहे (आणि २०२४ मध्ये त्या विषयावर सिनेमा आलाही). ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर 'चले जाव' झालं, नेते तुरुंगात गेले आणि उषा मेहता व त्यांच्या तरुण साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. रोज जागा बदलत. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी पकडलं तेव्हा आरोपींत नानिक मोटवानेही होते, यंत्रसामग्री पुरवल्याच्या आरोपावरून. पुढे ते सुटले. भोंगा विकणाऱ्या माणसाला भोंग्यातून काय बोललं जातंय याची किंमत मोजावी लागली. मोटवान्यांचा कारखाना पुढे नाशिकरोडला आला.

माझं मुखेड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथे जाहीर सभेला आधी परवानगी लागायची. 'गश्ती निशान ५३' हे फर्मान मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याच्या कुठल्याही पुस्तकात भेटतं. भोंगा लागण्याआधी सभा लागते, आणि सभा लागण्याआधी तोंड उघडायची मुभा. ती आमच्याकडे १७ सप्टेंबर १९४८ नंतर आली. लाउडस्पीकरला आपण आज फक्त कटकट म्हणून ओळखतो. पण ज्या पिढीला पहिल्यांदा मोकळेपणाने बोलता आलं, तिच्या कानाला तो भोंगा कसा वाटला असेल याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

सिनेमा, जत्रा आणि काकांचं माळवद

भोंग्याचं दुसरं मोठं घर म्हणजे सिनेमा. १९२६ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने बोलपटांसाठी ५५५ नावाचं युनिट आणि माणूस आत शिरेल एवढाले कर्णे काढले. हजार-हजार खुर्च्यांची थिएटरं आणि अॅम्प्लिफायर जेमतेम दहा-वीस वॉटचे, म्हणजे आजच्या मोबाइलच्या चार्जरएवढे. कर्ण्याशिवाय ते जमणारच नव्हतं. आपल्याकडे १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला.

मग तंबू. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड. अशा जत्रांतून महाराष्ट्रभर टुरिंग टॉकीजचे तंबू फिरायचे. ट्रकवर प्रोजेक्टर, तंबूच्या खांबाला भोंगे, दिवसभर जाहिरात आणि रात्री सिनेमा. २०१६ मध्ये शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या तंबूंवर केलेल्या माहितीपटाला कान महोत्सवात दाद मिळाली, तोवर तंबू बरेचसे उतरले होते.

काका या परंपरेचे शेवटचे शिलेदार. त्यांचा सेट दिल्लीच्या आहुजा कंपनीचा. (१९४० पासूनची कंपनी. आमच्याकडे लोक 'आहुजा लाव रे' म्हणायचे, जसं 'झेरॉक्स काढ' म्हणतात.) लाइट गेली तर बारा व्होल्टची बॅटरी. आणि इथेच तो ५० चा आकडा परत येतो. बॅटरीवर चालणाऱ्या तीस-चाळीस वॉटच्या अॅम्प्लिफायरवर अख्ख्या गावाला हरिपाठ ऐकवायचा असेल तर खोक्यातला स्पीकर उपयोगाचा नाही. कर्णाच हवा.

एकदा सप्ताहाच्या वेळी मी काकांना विचारलं होतं, "काका, तुमच्या भोंग्यातून पखवाजाचा घुमारा का येत नाही? नुसती टकटकच ऐकू येते."

"तोंड बारकं हाय म्हणून," काका म्हणाले. "मोठ्या तोंडाबिगर जाड आवाज येत नसतो. पर तेवढा भोंगा कळसावर चढवायचा कोणी?"

पुढे इंजिनीअरिंगला गेल्यावर हेच वाक्य मला सूत्ररूपात भेटलं. कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण ध्वनीच्या तरंगलांबीएवढा हवा. काकांच्या भोंग्याचं तोंड १५ इंची, म्हणजे ३८ सेंटिमीटर. घेर झाला १.२ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा, भागाकार करा, उत्तर २९० हर्ट्झच्या आसपास. त्याच्या खालचं सगळं हळूहळू गळून जातं. पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३०-१५० हर्ट्झचा. म्हणजे बुवांचा मूळ सा त्या भोंग्यातून जवळपास येतच नव्हता! वरचे स्वरांश ऐकून आपला मेंदू तो सा मनाने भरत होता. पखवाजाच्या धुमाळीला मात्र मेंदूही काही करू शकत नव्हता.

भोंगा घरातून का गेला

मग घरात काय झालं? १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या रइस आणि केलॉग यांनी कागदी शंकूचा, बिनकर्ण्याचा स्पीकर दाखवला. आज तुमच्या टीव्हीत, कारमध्ये, लॅपटॉपमध्ये आहे तो हाच. ताकद वाया घालवणारा, पण लहान आणि बराच सपाट आवाजाचा. कर्ण्याची सद्दी घरापुरती तरी तिथे संपायला सुरुवात झाली.

एक माणूस मात्र ऐकेना. पॉल क्लिप्श, अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या होप गावचा इंजिनीअर. ५० हर्ट्झपर्यंत जायचं तर वरच्या हिशेबाने कर्ण्याचं तोंड २.२ मीटर व्यासाचं हवं, म्हणजे दारातून आत न येणारं. क्लिप्शने कर्ण्याला घड्या घातल्या आणि तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. दोन भिंती आणि जमीन मिळून कोपरा तयार होतो. त्या तीन पृष्ठभागांमुळे आवाजाला पसरायला अवकाशाचा फक्त आठवा हिस्सा उरतो. म्हणून तोंडही आठव्या हिश्शाचं पुरतं, ३.८ चौरस मीटरऐवजी अर्ध्या चौरस मीटरच्या आत. थोडक्यात, तुमच्या घराच्या भिंती हाच कर्ण्याचा पुढचा भाग! १९४६ मध्ये त्याने कंपनी काढली आणि त्याचा क्लिप्शहॉर्न इतक्या वर्षांनंतरही बनतो. मला हे सगळ्या इतिहासातलं सगळ्यात देखणं इंजिनीअरिंग वाटतं.

पण काळ उलटा फिरला होता. १९५४ मध्ये एडगर विल्चरचा एआर-१ आला. छोटी बंद पेटी, खर्ज भरपूर, पण ताकद प्यायला तयार. पुढे जोसेफ हॉफमन या अभियंत्याने नियमच सांगून टाकला. छोटा आकार, खोल खर्ज आणि कार्यक्षमता या तिघांपैकी कुठलेही दोनच मिळतील. (डिस्ट्रिब्यूटेड सिस्टिमवाल्यांनो, आपला कॅप थिअरम आठवला ना? :)) ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त झाले, घरं लहान झाली, आणि लोकांनी कार्यक्षमता सोडून दिली. हिशेब चोख होता.

कर्णा मग फक्त जिथे माणसं जास्त आणि वॉट कमी तिथेच उरला. थिएटर, रेल्वे स्टेशन, देऊळ, मशीद, प्रचाराची जीप.

आणि मग १९७०-८० च्या दशकांत जपानमधल्या काही हौशी लोकांनी जुन्या थिएटरांतून निघालेले वेस्टर्न इलेक्ट्रिकचे आणि अल्टेकचे कर्णे उचलून घरी नेले. दोन-तीन वॉटचे व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर जोडले आणि म्हणाले, हे काहीतरी वेगळंच आहे. तिथून युरोपात लाट गेली, जर्मनीत आव्हांगार्डसारख्या कंपन्या निघाल्या आणि भोंगा परत दिवाणखान्यात आला. आता तो गरिबीचा उपाय राहिला नव्हता, शौक झाला होता.

मग घ्यायचा कसा?

इथपर्यंत आल्यावर मी एक्सेल शीटमध्ये नवीन टॅब उघडला आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला. कर्णा हे कमी वॉट आणि जास्त कान या अडचणीचं उत्तर आहे. ती अडचण माझ्या पुण्याच्या टू-बीएचकेमध्ये आहे का?

हिशेब बघा. मी तीन मीटरवर बसतो आणि सरासरी ७५ डेसिबलला ऐकतो (भरपूर झालं, शेजारी आहेत). अंतरामुळे साडेनऊ डेसिबल घटतात. १०५ च्या हॉर्नला यासाठी एका वॉटचा शंभरावा भाग लागतो. ८८ च्या साध्या स्पीकरला अर्ध्या वॉटहून थोडं कमी. म्हणजे साध्या स्पीकरलासुद्धा अर्धा वॉटच! तबल्याची थाप किंवा तान अचानक २० डेसिबलने उसळली तर हॉर्नला एक वॉट, साध्याला ४५ वॉट. ४५ वॉट आज कुठल्याही बऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये असतात. 'हॉर्न घेतला की आवाज मोठा' हे घरासाठी कारणच होऊ शकत नाही.

मग उरतं काय? दोन गोष्टी. एक, उसळी घेताना न दमणं. पडदा फार थोडा हलतो, त्यामुळे मोठ्या तानेला आवाज चोंदत नाही. दोन, दिशा. कर्णा आवाज समोर पाठवतो, भिंतींवर कमी उधळतो, म्हणून शब्द स्वच्छ येतात. सभेत ज्या गुणामुळे शेवटच्या रांगेला भाषण कळायचं, तोच गुण घरी बंदिशीचे बोल कळायला उपयोगी पडतो.

आणि तोटे? मी शोरूममध्ये तीनदा जाऊन आलो त्यातून शिकलेलं सांगतो. कार्यक्षमता ५० पट म्हणजे अॅम्प्लिफायरची घरघरही ५० पट ताकदीने ऐकू येते. गाणं बंद करून, आवाज शून्यावर ठेवून हॉर्नजवळ कान न्या. सुस्स ऐकू आलं तर आधी अॅम्प्लिफायर बदला. दुसरं, अंतर. मोठ्या हॉर्नचे वेगवेगळे भाग एकत्र मिसळायला थोडी जागा लागते. दोन मीटरवर बसलात तर तार सप्तक एकीकडून आणि खर्ज दुसरीकडून येतो. तिसरं, आपल्या ओळखीच्या आवाजाची तबकडी किंवा सीडी घेऊन जा. झांजांच्या डेमोवर सगळेच स्पीकर छान वाटतात. माणसाचा गळा नाकातून आल्यासारखा वाटला तर तो कर्ण्याचा दोष, आणि तो घरी नेल्यावर जात नाही.

मग मी टेप घेऊन हॉल मोजला. क्लिप्शहॉर्नला दोन स्वच्छ काटकोनी कोपरे हवेत. माझ्या एका कोपऱ्यात बाल्कनीचं सरकतं दार आहे, दुसऱ्यात बिल्डरने काढलेला कॉलम. १९४६ चं सगळ्यात देखणं इंजिनीअरिंग माझ्या बिल्डरने दोन ठिकाणी बाद केलं.

काकांचा ऑडिओग्राम

मधल्या काळात काका पुण्याला येऊन गेले. स्पीकर बघायला नाही, कान दाखवायला. बरीच वर्षं त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. काकू म्हणतात ते मुद्दामच ऐकत नाहीत. :) ऑडिओग्रामचा कागद हातात आला आणि मला बोलायला काही सुचेना. ४००० हर्ट्झला खोल खड्डा. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ठळक खूण. आपला कान ज्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो, साधारण त्याच पट्ट्यात भोंगाही सगळ्यात जोरात बोलतो.

सुरक्षिततेचा अमेरिकेतला एक प्रचलित हिशेब असा, की ८५ डेसिबल आठ तास चालतं आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०५ डेसिबलला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. काका तीस वर्षं भोंग्याखाली खुर्ची टाकून बसत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आली, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आली. पण ते सगळं गावाच्या कानासाठी होतं. भोंगा लावणाऱ्याच्या कानाचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, त्यानेसुद्धा.

संध्याकाळी मी काकांना माझ्या साध्या स्पीकरवर अब्दुल करीम खाँसाहेब ऐकवले, १९३० च्या दशकातले. आवाज वाढवायला गेलो तर त्यांनी हात धरला.

"राहू दे. हळूच लाव. बोल कळायलेत."

त्या रात्री शीटमधल्या बऱ्याच ओळी मी डिलीट केल्या. लाखांचे पूर्ण हॉर्न गेले, क्लिप्शहॉर्न कोपऱ्यांअभावी गेला. उरली ती तडजोडीची जात. खाली कागदी वूफर साध्या पेटीत, वर मधल्या आणि तार आवाजासाठी हॉर्न. ५०० हर्ट्झच्या वरचा कर्णा २२ सेंटिमीटर तोंडात बसतो, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढ्या. स्वतः क्लिप्शनेच १९५७ मध्ये असा एक छोटा, कोपरा न लागणारा स्पीकर काढला. आयुष्यभर कोपऱ्याचा आणि पूर्ण कर्ण्याचा प्रचार केलेला माणूस हे करतोय म्हटल्यावर ओळखीचं कोणी म्हणालं की हे तर पाखंड झालं. त्याने स्पीकरचं नावच ते ठेवलं, हेरेसी. तेही मॉडेल आजवर चालू आहे.

मी त्याच जातीचा, सेकंडहँड जोड शोधतोय. बोनसमधले उरतील ते पैसे काकांच्या श्रवणयंत्राला. आधी ते नाही म्हणाले, मग म्हणाले, "भोंग्यापरीस बारकं हाय ना?" बारकं आहे म्हटलं. हिशेबाने बघितलं तर तेही एक माइक, एक अॅम्प्लिफायर आणि एक स्पीकरच, फक्त एका माणसासाठी.

माळवदावरचे सहा भोंगे मात्र भंगारात द्यायचे नाहीत असं मी त्यांना सांगून ठेवलंय. पुढच्या सुट्टीत मुखेडला गेलो की एकाला बारीक वॉटचा अॅम्प्लिफायर जोडून, देवळाबाहेर नव्हे तर घरात, अगदी हळू आवाजात एकदा ऐकायचं आहे. २९० हर्ट्झच्या वरचं का होईना.